एक चांगला हेडफोन आणि बेपत्ता कप्तान

बाबांना ऐकू कमी येतं, हे आमच्या घरात बाबा सोडून सगळ्यांना माहीत आहे. बाबांच्या मते त्यांचे कान ठणठणीत आहेत, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले आहेत. पुटपुटणाऱ्यांत त्यांनी मला, माझ्या बायकोला, बँकेतल्या झाडून सगळ्या कर्मचाऱ्यांना आणि आमच्या दारावरच्या घंटेला धरलेलं आहे.

त्यामुळे संध्याकाळची मालिका आमच्याकडे लागते तेव्हा ती सगळ्या इमारतीत लागते. टीव्हीचा आवाज जिथवर चढतो तिथवर बाबा तो चढवतात. इतक्या आवाजात शब्द शिल्लक राहत नाहीत, नुसता गडगडाट राहतो. कोणी रडतंय, कोणी हसतंय की कोणी कपाट सरकवतंय, हे कळायला पडद्याकडे बघावं लागतं. मी एका सायंदैनिकात उपसंपादक आहे. आमचं काम पहाटे सुरू होतं आणि अंक दुपारी निघतो, म्हणून संध्याकाळी मला थोडी शांतता लागते. ती मी कापसाच्या बोळ्यांनी मिळवतो. बायको नेमकी त्याच वेळेला फिरायला जाते आणि तब्येतीसाठी जाते असं सांगते.

आई मालिका बघत नाही. नुसतं बसून टीव्ही बघणं हे तिच्या लेखी आजारपण आहे. त्या वेळी ती स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाची भाजी निवडत असते आणि तिच्या डोक्यावर धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरत असतो. बाहेरचा गडगडाट आणि आतली घरघर यांतून तिला काहीही कळायची सोय नाही. पण मालिका तिला तोंडपाठ आहे, कारण जाहिराती लागल्या की बाबा उठतात, स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकतात आणि तोवर काय झालं ते तिला सांगतात. जाहिराती संपल्या की पुन्हा खुर्चीत. मालिका सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी आता तिच्यात लग्नाची झाली आहे, आणि बाबांनी जाहिरातींतला एकही वृत्तांत चुकवलेला नाही.

बाबांचा हा वृत्तांत विश्वासार्ह असणार याबद्दल मला कधी शंका आली नाही. त्यांची सगळी नोकरी वीजमंडळात मीटर तपासण्यात गेली. जे दिसेल ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही, असा तो धंदा. दोन सूत्रांकडून खात्री झाल्याशिवाय मी बातमी सोडत नाही, हा गुण माझ्यात त्यांच्याकडूनच आला असं मी चारचौघांत सांगत असे.

एकच गोष्ट थोडी चमत्कारिक होती. खालच्या बाकावर बसणाऱ्या बायकांशी आईचं या मालिकेवरून पटत नसे. "त्यांचं लक्षच नसतं," आई म्हणायची. "थोरल्या सुनेचा भाऊ बोटीवर कप्तान आहे, हेसुद्धा त्यांना माहीत नाही! बोट बेपत्ता होऊन किती दिवस झाले. ती बिचारी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे, आणि ह्या विचारतात, कुठला कप्तान?"

बायकांचं लक्ष नसतं, हे मीही मान्य केलं. खात्री करून घ्यावी असं काही मनात आलं नाही.

प्रकरण सुरू झालं ते शेजारच्या विमा एजंटमुळे. त्यांची बैठकीची खोली आणि आमची बैठकीची खोली यांत एकच भिंत आहे. गृहस्थ अत्यंत नम्र. तक्रार करायला आले तीसुद्धा पॉलिसी समजावून सांगावी तशी.

"तसं काही नाही," ते म्हणाले, "पण काल एका गृहस्थांशी फोनवर बोलत होतो. सह्या करायला तयार झाले होते. तेवढ्यात तुमच्याकडे कोणीतरी वारलं. म्हणजे, मालिकेत. रडारड इतकी की ते म्हणाले, तुमच्या घरात काहीतरी झालंय, तुम्ही आधी तिकडे बघा. फोन ठेवला. आता मी परत फोन केला की ते माझंच सांत्वन करतात."

मी दिलगिरी व्यक्त केली. पण त्यांनी आधीच सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घातलं होतं, आणि सेक्रेटरी ही व्यक्ती एकदा कानावर घातलेलं बाहेर काढत नाही. आमच्या सोसायटीच्या तक्रारअर्जात दोनच प्रकार छापलेले आहेत, पार्किंग आणि गळती. आवाज पार्किंगमध्ये बसत नाही, हे सेक्रेटरींनी विचारपूर्वक ठरवलं. मग आम्हाला नोटीस आली की आपल्या बैठकीच्या खोलीतून शेजारच्या भिंतीत गळती होत असून ती तातडीने थांबवावी, अन्यथा जोडणी बंद करण्यात येईल. पाठोपाठ प्लंबर येऊन भिंत ठोकून गेला. भिंत कोरडी आहे असं त्याने लेखी दिलं.

"टीव्हीची जोडणी म्हणायचं होतं मला," सेक्रेटरी जिन्यात म्हणाले. "तुम्ही समजून घ्या. पेपरवाले आहात."

घरात बैठक झाली. बायकोने जपून कानाच्या यंत्राचा विषय काढला.

"यंत्र लावायला मी काय मीटर आहे?" बाबा कडाडले, आणि तो विषय मिटला.

हेडफोनला मात्र त्यांची हरकत नव्हती. धडधाकट पोरं ते कानाला लावून रस्त्याने हिंडतात, त्याअर्थी तो बहिरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही, हे त्यांना पटलं. प्रश्न उरला तो एवढाच की एक चांगला घ्यायचा की त्याच पैशांत दोन साधे. माझं मत दोनच्या बाजूने होतं. एका घटनेला दोन साक्षीदार असलेले बरे. बायकोचंही तेच मत पडलं, निराळ्या कारणाने. "आईंनी एकदा तरी शेजारी बसून बघावं की. किती दिवस त्या दाराआडून ऐकणार?"

"मला नको," आई म्हणाली. "माझी भाजी कोण निवडेल?"

"ऐकलंत?" बाबा म्हणाले. आईचं हे बोलणं, आश्चर्य म्हणजे, त्यांना एका दमात ऐकू आलं होतं. "तिला नकोय. एकच घ्या. चांगला घ्या. दोन स्वस्त म्हणजे दोनदा फसणं. आणि तिला मी सांगतो ना सगळं! मी असताना तिला हेडफोन कशाला?"

हे ते इतक्या तावातावाने बोलले की बायको मला नंतर म्हणाली, "अहो, मला वाटलं नव्हतं बाबा असे असतील. स्वतःला भारीतला आणि आईंना काहीच नाही."

सल्ल्याला माझा मेव्हणा होताच. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की तो विनामूल्य उपलब्ध होतो. "भावजी, हेडफोनमध्ये बेस बघायचा," तो म्हणाला. बेस म्हणजे काय हे त्याने दुकानापर्यंतच्या वाटेत समजावून सांगितलं. दुकानात तो ते दुकानदाराला समजावून सांगत राहिला. तिकडे दुसऱ्या विक्रेत्याने एक भारी, बिनवायरचा हेडफोन बाबांच्या डोक्यावर चढवला आणि विचारलं, "आवाज कसा वाटतो, काका?"

"काळा चालेल," बाबा म्हणाले.

तो घेतला. बाबा जिंकले, बायको गप्प झाली, आणि आमच्या घरात संध्याकाळी शांतता पसरली. कानात कापूस न घालता मी पडून होतो. नळाचा थेंब ऐकू आला, तेव्हा कळलं की नळ गळतो. सेक्रेटरी अगदीच चूक नव्हते.

मग जाहिराती लागल्या.

हेडफोन डोक्यावर असलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. बाबा हेडफोन न काढताच स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि त्यांनी आईला जो वृत्तांत दिला तो रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्यालाही मिळाला.

"अगं, काकांनी केलं हे! विम्याच्या पैशांसाठी! स्वतःच्या भागीदाराचा काटा काढला, आणि आता रडतोय बघ कसा!"

भिंतीपलीकडे एजंटचा फोन सुरू होता.

ते या खेपेला आले तेव्हा नम्रता थोडी कमी होती. "आधी निदान टीव्ही आहे हे कळत होतं हो! आता तुमचे वडील स्वतः सांगतायत. खणखणीत आवाजात, साक्ष दिल्यासारखं. माझा ग्राहक विचारतो, शेजारी कोण राहतं? विम्यासाठी कोणाचा काटा काढला? मी त्याला काय सांगू?"

"मालिका आहे म्हणून सांगा," मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणाला, सगळे असंच म्हणतात."

दुसरी नोटीसही गळतीच्याच रकान्यात आली, पण आता तिच्यात 'वारंवार' हा शब्द होता आणि समिती प्रत्यक्ष पाहणीला येईल अशी धमकी. बायकोने ताबडतोब निदान केलं. बाबा ओरडतात कारण आई आत असते. आई शेजारी असली तर सांगायचं कारणच उरणार नाही. चांगला परत करायचा, दोन साधे आणायचे, आईला खुर्चीत बसवायचं. निदानात चूक काढायला जागा नव्हती. तिच्या भावाला तिने फोनही केला.

मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो तेव्हा बाबा मागून आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्यांना वाटलं की ते कुजबुजतायत.

"दोन आणू नकोस."

"बाबा, आई शेजारी बसली तर…"

"तेच नको." ते चिमटे काढून एका हातात गोळा करत राहिले. "मला त्या टीव्हीतलं कधी काही कळलंच नाही रे. आवाज येतो, शब्द येत नाहीत. पण ती आतून विचारायची, काय झालं? मग तोंडं बघून अंदाज करून सांगायचो. आता काहीच कळत नाही असं कसं सांगणार?"

"म्हणजे कप्तान?"

"भिंतीवर एका माणसाचा फोटो आहे. पांढरे कपडे, पांढरी टोपी. थोरली त्याच्यासमोर उभी राहून रडते. मला वाटलं बोटीवर असेल."

"आणि नाही?"

"हा हेडफोन आणला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं." बाबांनी चिमटे माझ्या हातात दिले. "आचारी आहे तो. त्यांच्या हॉटेलात मूळ स्वयंपाकी होता, तो आजेसासरा. मालिका सुरू व्हायच्या आधीच वारलाय. काकांनी कोणाला मारलेलं नाही. काका बिचारे बहुतेक वेळा बाहेरगावी असतात. आणि काय सांगू तुला, सगळं ऐकू येतं आता, पण फार टुकार आहे रे ते. नुसते कपडे आणि कुजकं बोलणं. पुढे काही सरकतच नाही."

"मग परवाचा विमा?"

"तो मी घातला." बाबा म्हणाले, "तुझी आई कप्तानासाठी जीव टांगून बसली आहे. तिला तिथे बसवलंस, तर तिला कळेल की कप्तान नाही. आणि मला ऐकू येत नाही हेही कळेल. दोन्ही एकदम."

माझी सगळी हयात लोकांनी रचलेल्या गोष्टी खोडण्यात गेलेली आहे. मंत्र्याने न केलेलं भाषण, न पडलेला पूल, न सापडलेला बिबट्या, सगळे मी माझ्या टेबलावर अडवलेले आहेत. आणि माझ्या घरात, माझ्या आईपर्यंत, एक संपूर्ण जहाज तपासणीशिवाय पोहोचलं होतं. उपसंपादक म्हणून मला जरा लागलं. पण बाबांकडे बघून मी म्हणालो, "बघतो."

बघतो म्हणजे काय करतो हे मला माहीत नव्हतं. माझी सगळी भिस्त दुकानाच्या नियमांवर होती. 'कानाला लागलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी गल्ल्याच्या मागे मी स्वतः वाचली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझं काम करून देऊ नये अशी मी मनापासून इच्छा केली.

"परत होत नाही," विक्रेता पाटीकडे बोट दाखवून म्हणाला.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "नियम म्हणजे नियम. चला."

"थांबा भावजी," मेव्हणा म्हणाला. "मालक माझ्या ओळखीचे आहेत."

मालक निघाले खरेच ओळखीचे. त्यांनी खोका उघडला, हेडफोन हुंगला आणि परत घ्यायचं कबूल केलं, फक्त कारण नोंदवावं लागेल म्हणाले. मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"लिहा, यातून स्वच्छ ऐकू येतं."

विक्रेत्याने लिहायचं थांबवून मालकांकडे पाहिलं. "असं कारण नाही आमच्याकडे. तुटलंय, आवाज येत नाही, किंवा रंग आवडला नाही."

"रंग लिही," मेव्हणा म्हणाला. "काळा आहे."

दोन साधे हेडफोन घेऊन मी घरी आलो तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी एखादी बातमी दुसऱ्या दिवशी खोटी ठरल्यावर संपादक बघतात त्याची आठवण झाली.

दोन्ही हेडफोन वायरचे होते. टीव्हीला एकच भोक होतं, म्हणून मेव्हण्याने एकाची दोन भोकं करणारी एक शेपटी आणली होती. वायरी आखूड निघाल्या. खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या, आणि अखेर आई-बाबा पडद्यापासून हातभर अंतरावर, डोळे तपासायला बसल्यासारखे, गुडघ्याला गुडघा लावून बसले. आईने सोबत भाजीची परात घेतली होती. बायको फिरायला गेली नाही. मेव्हणा बेस कसा वाटतो ते ऐकायला थांबला. मी दारात उभा होतो.

मालिका सुरू झाली. घरात अगदी शांत होतं. दोघांच्या चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड हलत होता. बाबा पडद्याकडे बघत नव्हते, ते आईकडे बघत होते. स्वस्तातल्या हेडफोनमधून त्यांना पुन्हा नुसता आवाजच येत होता, शब्द नव्हते, त्यामुळे आईच्या कानात या क्षणी काय पडतंय हेही त्यांना कळायला मार्ग नव्हता. पडद्यावर थोरली फोटोसमोर जाऊन उभी राहिली आणि तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले. आईचे निवडणारे हात थांबले.

जाहिराती लागल्या. बाबा सवयीने अर्धवट उठले. वायरीने त्यांना परत खाली बसवलं.

आईने हेडफोन काढला.

"अहो," ती म्हणाली, "मघापासून ह्या दोघीच बोलतायत. कप्तान कधी येणार?"

बाबांनीही हेडफोन काढला. त्यांनी प्रश्न ऐकला की तिच्या ओठांवरून ओळखला, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरीकडे पाहिलं.

"आज," बाबा म्हणाले, "आज त्याचा भाग नाहीये."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. जाहिरातीतलं एक अख्खं घर रंगवून झालं.

"मग मला इथे कशाला बसवलंत?" ती परात उचलून उठली. "नुसतं बसून पाठ धरली माझी. तो यायचा असेल तेव्हा सांगा." ती स्वयंपाकघरात गेली, आणि धूर बाहेर टाकणारा पंखा, काहीही शिजत नसताना, घरघरायला लागला.

"पण आई, आवाज तरी कसा वाटला?" मेव्हण्याने विचारलं. बायकोने त्याला बाहेर नेलं.

पुढच्या जाहिरातींना बाबा हेडफोन खुर्चीवर ठेवून चौकटीपाशी गेले. नेहमीसारखे टेकले. मग म्हणाले, "वादळात सापडलीय बोट."

"मला वाटलंच," आई म्हणाली.

त्यानंतर नोटीस आली नाही. उठताना कान काढून ठेवायचे एवढा एकच नियम बायकोने केला आणि त्याने गळती थांबली. बाबांना साध्या हेडफोनचा आवाज पुरेसा वाटतो. चांगला परत आणू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नको. शब्द ऐकू आले की सुचत नाही." दुसरा हेडफोन खिळ्याला टांगलेला आहे. मी तो कापसाऐवजी वापरीन असं ठरलं होतं, पण सध्या त्या वेळी मी कानात काहीच घालत नाही.

एजंट मात्र पुन्हा आले. दार उघडलं तेव्हा आता काय, म्हणून मी धास्तावलो.

"तसं काही नाही," ते म्हणाले, "तो ग्राहक रोज फोन करतो. पॉलिसी घेतली त्याने, बायकोची आणि भागीदाराचीही. पण तो विचारतोय, त्या काकाला पकडलं का? तुमच्याकडून हल्ली नीट ऐकू येत नाही."

आता जाहिराती लागल्या की तेही आमच्या पॅसेजमध्ये येऊन उभे राहतात. काकाला अजून पकडलेलं नाही. विमा कंपनी चौकशी करते आहे, आणि त्या चौकशीत एजंट बाबांना कागदपत्रांची मदत करतात.

गेल्या आठवड्यात चहाच्या वेळी बाबांनी माझ्यापुढे खुर्ची ओढली. "तुमच्याकडे बंदराच्या बातम्या कोण करतं?"

"आहे एक जण. का?"

"हरवलेली बोट परत आली, तर कप्तान लगेच उतरून घरी जाऊ शकतो का?"

मी त्यांना विचारून सांगतो म्हणालो. आमच्या बंदरवाल्याला विचारलं, आणि तो म्हणाला ते बंदराच्या कचेरीत फोन करून ताडून पाहिलं. दोघांचं एकच म्हणणं पडलं. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "नाही जाऊ शकत. आधी आरोग्य तपासणी, मग कागदपत्रं, मग चौकशी. तोवर कप्तानाला जहाज सोडता येत नाही."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मालिका सुरू झाली होती. थोरली फोटोपुढे उभी होती.

"म्हणजे तो घरी येणार नाही," ते म्हणाले. "मग तिलाच बंदरावर जावं लागेल."

हे ते नेहमीच्या आवाजात, म्हणजे मोठ्यानेच बोलले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातला पंखा बंद आहे. कधीपासून बंद होता, हे मात्र मला सांगता येणार नाही. याबाबतीत माझ्याकडे दुसरं सूत्र नाही.

"शाल घेऊन जायला सांगा तिला," आतून आई म्हणाली. "बंदरावर वारा असतो."